चुन्याचे वस्त्र

दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेव्हियर यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेतून रस्त्यापलीकडील से कॅथेड्रलमध्ये नेले जातात आणि तेथे भाविकांच्या दर्शनासाठी ठेवले जातात. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात असा सोहळा झाला. आमच्या वसईतील धर्मग्रामांतूनही पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू या सोहळ्याला जात आले आहेत. बासिलिका ते कॅथेड्रल हे अंतर चार-पाच मिनिटांचे. परंतु तेवढ्या वाटेत यात्रेकरूला दोन अगदी निराळ्या वास्तू दिसतात. बासिलिका तांबडी, उघड्या चिऱ्यांची, ठिकठिकाणी झिजलेली व काळवंडलेली. कॅथेड्रल मात्र पांढरेशुभ्र. पाहणाऱ्याचा सहज समज होतो की, तांबडी वास्तू जुनी असावी आणि पांढरी नंतरची, किंवा निदान दोघींचे बांधकाम भिन्न प्रकारचे असावे.

वस्तुस्थिती तशी नाही. कॅथेड्रलचे काम १५६२ साली सुरू झाले, बासिलिकेचे १५९४ साली. म्हणजे पांढरी वास्तू तांबडीपेक्षा आधीची. दोहोंच्या भिंती एकाच जांभ्या दगडाच्या आहेत आणि दोहोंवर शतकानुशतके चुन्याचा गिलावा होता. एकीचा तो राहिला, दुसरीचा मुद्दाम खरवडून काढण्यात आला, आणि ही घटना अवघ्या सत्तर वर्षांपूर्वीची आहे. पावसाचे मान झपाट्याने बदलत असलेल्या आजच्या काळात या एका कृत्याची किंमत कळू लागली आहे. इमारतीने ऋतूंना तोंड द्यावे कसे, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. आपल्या किनाऱ्याने त्याचे उत्तर कधी काळी शोधले होते. ते कोणते आणि ते आपण कसे गमावले, याचा मागोवा या लेखात घेण्याचा आमचा विचार आहे.

जांभा आणि चुना

रत्नागिरीपासून केरळपर्यंतचा किनारा हा जांभ्याचा मुलूख. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश संशोधकाने केरळातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. नाव समर्पक होते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात. वारा-ऊन लागले की तो कठीण होतो. गवंड्याला याहून सोयीचा दगड नाही.

परंतु त्याचा एक स्वभावदोष आहे. जांभा सच्छिद्र असतो. लोह व ॲल्युमिनियमच्या प्राणिलांचे त्याचे हाड मजबूत असले तरी त्याच्या पोकळ्यांतून चिकणमाती भरलेली असते. उघड्या चिऱ्यावर पावसाचा मारा होत राहिला की ही माती हळूहळू धुऊन जाते, छिद्रे मोठी होतात, पाणी अधिक खोल शिरते. उन्हाळ्यात तोच चिरा तापून सुकतो. भिजणे व सुकणे या चक्रात वर्षानुवर्षे गेली म्हणजे दगडाच्या कडा झडतात, सांध्यांतील चुना निघून येतो, आणि तेथे शेवाळ, नेचे आणि अखेरीस पिंपळाचे रोप येऊन बसते. पिंपळाचे मूळ भिंतीत शिरले की पुढची कथा कोणत्याही पडक्या किल्ल्यात पाहावयास मिळते.

जुन्या गवंड्यांना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच ते जांभ्याची भिंत उघडी ठेवीत नसत. समुद्रकाठच्या शिंपल्या भट्टीत भाजून कळीचा चुना करावयाचा, तो पाण्यात विरवून दीर्घकाळ मुरवावयाचा, घाणीत वाळूबरोबर मळावयाचा, आणि मग त्याचा गिलावा भिंतीवर चढवावयाचा, ही रीत होती. ठिकठिकाणी त्यात गुळाचे पाणीही मिसळीत. असा गिलावा हवेतील कर्बवायू शोषून घेत घेत पुन्हा चुनखडीच बनतो. त्याचा मोठा गुण असा की, तो पावसाचे पाणी आत येऊ देण्यात आडकाठी करतो, पण भिंतीत मुरलेली ओल मात्र बाफेच्या रूपाने बाहेर जाऊ देतो. भिंत श्वास घेते असे जुने कारागीर म्हणतात, ते याच अर्थाने.

हा गिलावा चिरकाल टिकावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. पावसाचा मार त्याने सोसावयाचा, थोडे झिजावयाचे, आणि पावसाळा सरल्यावर सफेदीचा नवा हात घेऊन पुन्हा उभे राहावयाचे, असा संकेत होता. दगडाऐवजी गिलावा झिजत असे. माणसाच्या अंगावरील वस्त्र विरते आणि बदलता येते. कातडीचे तसे नाही. जुन्या वास्तुकारांनी इमारतीला कातडीही दिली होती आणि वस्त्रही.

वसईचा दगड, गोव्याची भिंत

बासिलिकेची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली. कोचीनचे कॅप्टन जेरोनिमो मास्कारेन्यश हे १५९३ साली वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या धनातून येशूसंघीयांनी हे मंदिर उभारले. १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. तसा शिलालेख आतील स्तंभावर आहे. या बांधकामाच्याच काळात, १५९७ च्या फेब्रुवारीत, वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य आले. वसई आणि गोवा यांचे त्या शतकातील नाते किती निकटचे होते हे ध्यानात यावे म्हणून हा उल्लेख केला.

हे नाते केवळ माणसांचे नव्हते, दगडांचेही होते. जांभ्यावर बारीक कोरीव काम करता येत नाही. म्हणून स्तंभ, कोरीव पट्टे, चौकटी यांसाठी गोव्यातील चर्चच्या बांधकामात वसईकडून जहाजांनी नेलेला काळा दगड वापरीत. बासिलिकेतही हा वसईचा दगड आहे. चार शतके लोटली तरी त्यावरील नक्षीच्या रेषा उठून दिसतात. शेजारच्या जांभ्याची अवस्था पाहिली की, जुन्या कारागिरांनी कोणता दगड उघडा ठेवावयाचा आणि कोणता झाकावयाचा याचा विवेक किती काटेकोरपणे केला होता, ते कळते. काळा पाषाण उघडा, कारण त्याला पावसाचे भय नाही. जांभा चुन्याखाली, कारण त्याला ते आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या दगडाचे कोरीव काम खुलून दिसावे, ही दृष्टीही त्यामागे असणारच. सौंदर्य आणि संरक्षण यांची येथे फारकत नव्हती.

वादळे त्या काळीही येत असत. १६१८ च्या मे महिन्यात वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर असे भीषण वादळ झाले की वसईतील चर्च व मठ यांची छपरे उडाली आणि हजारो झाडे उन्मळून पडली. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. तेव्हा आमच्या पूर्वजांना निसर्ग सौम्य मिळाला होता आणि आम्हालाच तो उग्र मिळाला, असे म्हणता येणार नाही. फरक एवढाच की, त्यांनी त्या उग्रतेला धरून बांधले व दरवर्षी डागडुजीचा नेम पाळला. तो नेम मोडला की काय होते, याची साक्ष जुन्या गोव्यातच बासिलिकेपासून हाकेच्या अंतरावर, मोंते सांतो टेकडीवर उभी आहे.

एका मनोऱ्याची साक्ष

या टेकडीवर सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्याच्या आरंभी ऑगस्टीनियन संन्याशांनी भव्य चर्च व मठ उभारला. १८३४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांवर बंदी आणली. संन्याशांना मठ सोडावा लागला. कौले शाकारणारे, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणारे, सफेदी देणारे हात गेले. १८४२ साली चर्चचे कमानी छत कोसळले. पुढे १९३१ साली दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा पडला. १९३८ साली आणखी भाग ढासळला. आज तेथे सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्याचा एकाकी अर्धा मनोरा उभा आहे. त्याची घंटा पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चमध्ये अजून वाजते.

येथे कोणत्याही शत्रूने तोफ डागली नव्हती. वसईच्या किल्ल्यातील देवालयांना १७३९ च्या युद्धाचे निमित्त तरी सांगता येते. पण तेथेही युद्धाने जेवढे पाडले त्याहून अधिक नंतरच्या पावसाळ्यांनी पाडले असावे, असे त्या बिनछपराच्या भिंती पाहून वाटते. छप्पर आणि गिलावा या दोन गोष्टी गेल्या की उरलेले काम पाऊस करतो. त्याला शंभर वर्षे लागतात, पण तो काम अर्धवट सोडत नाही.

बासिलिकेच्या नशिबी ही उपेक्षा आली नाही. १७५९ साली येशूसंघीयांना पोर्तुगीज मुलखातून हाकलण्यात आले, रोगराईने जुने गोवे ओस पडले, १८४३ साली राजधानीचा मान पणजीला गेला. तरीही संतांच्या अवशेषांमुळे बासिलिका जागती राहिली. १८६२ साली तिच्या एका बाजूस भक्कम आधार-कमानी बांधण्यात आल्या. १९४६ साली तिला ‘बासिलिका’ ही पदवी मिळाली. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत तिच्या भिंती गिलाव्याने झाकलेल्या दिसतात. भाविकांच्या नित्य वर्दळीने जिचे रक्षण केले, तिला पहिली मोठी इजा झाली ती तिच्या कौतुकातून.

वस्त्र उतरविले ते का?

पोर्तुगालमध्ये सालाझार यांच्या राजवटीत प्राचीन वास्तूंच्या जीर्णोद्धाराची एक मोठी मोहीम चालली होती. १९२९ साली स्थापन झालेल्या सरकारी वास्तुखात्याने देशभरचे किल्ले आणि चर्च हाती घेतले. या मोहिमेचे तत्त्व असे की, नंतरच्या काळात चढलेले थर काढून टाकावेत आणि वास्तूला तिचे ‘मूळ’ रूप परत द्यावे. मूळ रूप म्हणजे काय, हे मात्र पुष्कळदा ठरविले जाई ते राष्ट्राच्या प्राचीन वैभवाच्या कल्पनेवरून. उघडा, खडबडीत दगड हा प्राचीनतेचा पुरावा मानला जाई. बाल्ताझार कास्त्रो हे या परंपरेतील नामांकित वास्तुविशारद.

१९५० च्या सुमाराची राजकीय परिस्थिती येथे लक्षात घेतली पाहिजे. भारत स्वतंत्र झाला होता. गोव्याच्या मुक्ततेची मागणी जोर धरत होती. १९५१ साली पोर्तुगालने आपली घटना बदलून वसाहतींना ‘समुद्रापलीकडील प्रांत’ असे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून पुरातन पोर्तुगीज भूमी आहे, हे जगाला दाखविण्याची त्या सरकारला निकड होती. १९५२ साल तर संत फ्रान्सिस झेव्हियर यांच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष. त्या निमित्ताने अवशेषांचे दर्शन आयोजित झाले आणि जगाचे लक्ष जुन्या गोव्याकडे वळणार होते. या पार्श्वभूमीवर कास्त्रो गोव्यात आले आणि बासिलिकेचा बाहेरील गिलावा काढून टाकण्यात आला. जी वास्तू आपल्या आयुष्यात कधी उघडी नव्हती, ती ‘प्राचीन’ दिसावी म्हणून उघडी करण्यात आली.

या कृत्यामागे वास्तूविषयी द्वेष होता असे कोणी म्हणणार नाही. उलट आदरच होता. परंतु तो आदर वास्तूच्या प्रतिमेविषयी होता, वास्तूच्या प्रकृतीविषयी नव्हता. पोर्तुगालमधील कठीण दगडाच्या आणि बेताच्या पावसाच्या सवयीतून आलेली अभिरुची जांभ्याच्या भिंतीवर आणि कोकणच्या पावसावर लादली गेली. नऊ वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, पोर्तुगीज सत्ता गेली. तिने घडविलेले हे रूप मात्र राहिले आणि पाहता पाहता तेच ‘खरे’ ठरले. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्च व मठ यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, तोपर्यंत तांबडी बासिलिका टपाल-चित्रांतून आणि पर्यटनाच्या पुस्तिकांतून घरोघर पोहोचली होती.

पाऊस बदलला

उघड्या भिंतीने पहिली काही दशके कशीबशी काढली. आता मात्र पावसाचाच स्वभाव बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग मोडतो, व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात ५२ टक्क्यांनी वाढल्याचे याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ गोव्यापासून वसईपर्यंतचा किनारा झोडपीत गुजरातकडे गेले.

भिंतीच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ असा : संथ पडणारा पाऊस भिंतीवरून ओघळून जातो, वाऱ्यासह येणारी झड मात्र पाणी सांध्यासांध्यांतून आत रेटते. थोड्या वेळात पुष्कळ पाणी पडले की छपराच्या पन्हळी ते वाहून नेऊ शकत नाहीत व ते भिंतींच्या माथ्यावरून आत उतरते. मे महिन्यातच वादळ आले तर कौले शाकारणी व्हावयाची असतात. भिंत बेसावध सापडते. २०२० साली बासिलिकेच्या छपरातून पाणी झिरपत असल्याबद्दल तेथील रेक्टरांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली, तेव्हा हा प्रश्न सर्वांसमोर आला. गोव्यातील वास्तुइतिहासकार विश्वेश कांदोळकर यांनी तर हवामान-बदलाच्या संदर्भातच बासिलिकेचा विचार मांडला आणि तिला पुन्हा गिलावा करावा असा आग्रह धरला.

पुन्हा गिलावा करावा काय?

या सूचनेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्यांचा पहिला मुद्दा भावनेचा आहे. आज हयात असलेल्या बहुतेक भाविकांनी बासिलिका तांबडीच पाहिली आहे. त्यांच्या लहानपणच्या यात्रा, आईवडिलांसोबत काढलेली छायाचित्रे, नवस, सारे काही त्या तांबड्या भिंतींशी जोडलेले आहे. दुसरा मुद्दा तत्त्वाचा. १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून जतनशास्त्राने असे मानले आहे की, वास्तूच्या आयुष्यातील प्रत्येक कालखंडाचा ठसा आदरणीय असतो. कोणा एका काळाच्या नावाने दुसरा पुसू नये. मग १९५० च्या दशकाचा ठसा तरी का पुसावा? तिसरा मुद्दा व्यवहाराचा. सत्तर पावसाळे झेललेल्या, ओल धरलेल्या, झिजलेल्या दगडावर घाईने गिलावा चढविला तर ओल आतच कोंडेल आणि उपायच अपाय ठरेल.

यांपैकी तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर कारागिरीत आहे. गिलावा हवा तो चुन्याचाच, सिमेंटचा नव्हे. सिमेंटचा थर कठीण आणि घट्ट असतो. आतला जांभा उष्णतेने प्रसरण-आकुंचन पावतो त्या मानाने तो हलत नाही, म्हणून तडकतो. तडीतून पाणी शिरते आणि बाहेर पडावयास वाट सापडत नाही. दगड मग आतून कुजतो. देशभर अनेक जुन्या वास्तूंचे असे नुकसान झाले आहे. यास्तव आधी छप्पर व पाण्याच्या वाटा दुरुस्त करणे, दगड सुकू देणे, झडलेले चिरे बदलणे, सांधे चुन्याने भरणे, लहानशा भागावर प्रयोग करून एक-दोन पावसाळे पाहणे, आणि मगच पुढे जाणे, हाच क्रम शहाणपणाचा. वास्तूची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आणि उपासना ख्रिस्तसभेकडे, अशी येथे दुहेरी जबाबदारी आहे. निर्णय दोघांनी मिळून, भाविकांना विश्वासात घेऊन व्हावयास हवा.

तत्त्वाच्या मुद्द्याविषयी आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. नंतरच्या काळाने घातलेली भर आदरणीय असते हे मान्य. परंतु गिलावा काढणे ही भर नव्हती, ती वजाबाकी होती. जो ठसा वास्तूलाच झिजवीत आहे, तो राखण्यासाठी वास्तू गमावणे हे कोणत्याही सनदेला अभिप्रेत नसावे. १९५० च्या दशकाची आठवण छायाचित्रांत, अभिलेखांत, हवे तर भिंतीच्या एखाद्या आडोशाच्या उघड्या भागात राखता येईल. चिरे पुन्हा आणता येणार नाहीत.

राहिला भावनेचा मुद्दा. भावनेला वादाने उत्तर देता येत नाही. मात्र लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराला लागलेल्या रोगाविषयी जो विधी सांगितला आहे, तो येथे विचार करण्याजोगा आहे. भिंतीवर हिरवट वा तांबूस डाग दिसले तर याजकाने येऊन पाहणी करावी, घर काही दिवस बंद ठेवून पुन्हा पाहावे, बाधित चिरे काढून दुसरे बसवावेत, भिंती खरवडून जुना गिलावा नगराबाहेर टाकावा आणि नवा गिलावा करावा, असा त्याचा सारांश. आजच्या जतन-अभियंत्याने आखलेल्या कार्यक्रमापेक्षा हा क्रम फारसा वेगळा नाही. पाहणी, धीर, दुरुस्ती, आच्छादन. बासिलिकेच्या बाबतीत यातील खरवडण्याचे काम तेवढे झाले. त्यापुढचे सत्तर वर्षे राहून गेले आहे.

आमच्या घरांचा प्रश्न

हे सारे गोव्याविषयी झाले. परंतु जी चूक तेथे एका वास्तूच्या बाबतीत झाली, तीच आम्ही वसईत आमच्या वस्तीच्या बाबतीत करीत आहोत काय, हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही.

वसईच्या जुन्या घराचे उंच जोते, पुढची ओटी, भोवतालची पडवी, चहूबाजूंनी उतरते कौलारू छप्पर आणि भिंतीपासून दूर पागोळ्या टाकणारी रुंद वळचण ही सारी पावसाला दिलेली उत्तरे होती. पावसाळा तोंडावर आला की वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला झावळ्यांचा आडोसा बांधीत. म्हणजे घराला दरवर्षी नवे वस्त्र मिळे. आणि घराइतकीच महत्त्वाची होती ती वाडीतली बावखळे. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, उन्हाळ्यात शिंपणाला येई. घर, वाडी आणि बावखळ मिळून एक रचना होती. तिच्यातील एक भाग काढला तर उरलेले दोन अडचणीत येत.

गेल्या काही दशकांत बावखळे बुजली, त्यांच्यावर इमारती आल्या. खाड्यांची आणि मिठागरांची जागा आक्रसली. हरित वसईचा लढा याच भयापोटी उभा राहिला होता. त्याचे एक अग्रणी, ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये देवाघरी गेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेला इशारा २०१८ च्या जुलैत खरा ठरला. वसई-विरार परिसर दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, रेल्वे बंद पडली, मिठागरांतील शेकडो माणसे अडकली. त्या पाण्यात नव्या इमारतींचे तळमजले बुडाले, कारण त्यांना जोते नव्हते. वाहनांसाठी तळ मोकळा ठेवला होता किंवा जमिनीलगतच खोल्या बांधल्या होत्या. पाण्याला जावयास वाट नव्हती आणि थांबावयास बावखळ नव्हते.

आम्ही काँक्रीटच्या विरोधात नाही. वाढत्या कुटुंबांना मजले हवेत, आणि कौलारू घराची दरवर्षीची शाकारणी आज कोणाला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु काँक्रीटला देखभाल लागत नाही, हा समज घातक आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, फुगते व बाहेरचे काँक्रीट फोडते. तडीतून पाणी शिरले की हे काम वेगाने होते. जगातील कर्बवायूच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून होते, हेही विसरून चालणार नाही. ज्या द्रव्याने पाऊस बिघडविण्यास हातभार लावला, त्याच द्रव्याचे घर आम्ही त्या पावसात विनाछत्री उभे करतो. निदान उंच जोते, भिंतीबाहेर आलेले पुरेसे छज्जे, सपाट गच्चीवर उतरते छप्पर, अंगणात पाणी मुरण्यास मोकळी माती, आणि उरलेल्या बावखळांचे रक्षण, एवढे तरी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या नव्या सभागृहांच्या व शाळांच्या बांधकामात पाळले, तर घरे बांधणारी कुटुंबे ते पाहून शिकतील.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर म्हटले. घर म्हटले की डागडुजी आलीच. प्रभू येशूने खडकावर व वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा दाखला दिला, त्यातही पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडतो. शहाण्या माणसाला पाऊस टळत नाही. तो येणार हे धरून त्याने आधीच बांधलेले असते.

बासिलिकेचा निर्णय लवकर व्हावा, कारण प्रत्येक पावसाळा तिच्या चिऱ्यांतून थोडी माती घेऊन जातो. पुढचा दर्शन-सोहळा नेहमीच्या क्रमाने २०३४ च्या सुमारास येईल; तोपर्यंत आणखी जवळजवळ दहा पावसाळे व्हावयाचे आहेत. वसईच्या दगडाने त्या भिंतीत चारशे वर्षे आपला वाटा उचलला आहे. तेथील जांभ्याला त्याचा चुना परत मिळावा, आणि वसईतील उरलीसुरली बावखळे आम्ही आमच्या हातांनी बुजू देऊ नयेत, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.